खाटा, जागा आणि जमाखर्च

वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात एकाच खर्चातून दोन कामे होतात: रुग्ण बरा होतो आणि डॉक्टर तयार होतो. सकाळच्या राउंडला प्राध्यापक एका खाटेपाशी वीस मिनिटे थांबले, तर त्यांतली उपचाराची किती आणि शिकवण्याची किती, हे कोणत्याच हिशेबात वेगळे निघत नाही. निवासी डॉक्टरचेही तेच. विद्यावेतन घेतो म्हणून तो विद्यार्थी. पण रात्रभर वॉर्ड सांभाळतो तोच. त्यामुळे एक डॉक्टर घडवायला नेमका किती पैसा लागतो, याचे ठाम उत्तर कोणाकडेच नाही. शुल्क किती घ्यावे, अनुदान किती द्यावे, तूट कोणी सोसावी हे सगळे वाद या न मिळणाऱ्या आकड्यावरून होतात. महाराष्ट्रात यातून एकमेकींच्या उलट अशा दोन व्यवस्था उभ्या राहिल्या. सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत रुग्णसेवेच्या पैशावर शिक्षण चालते, तर खासगी महाविद्यालयांत शिक्षणाच्या पैशावर रुग्णसेवा.

पहिल्या व्यवस्थेला सुरुवातीचे भांडवल दानातून मिळाले. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याच्या रुग्णालयासाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले, तेही कंपनी सरकारने तेवढीच भर घालावी या अटीवर. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली रुग्णालय उभे राहिले, बी. जे. मेडिकल कॉलेज त्याला १९४६ मध्ये जोडले गेले. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये उघडले. तिथे देणगीदाराच्या विश्वस्तांची अट वेगळीच होती: शिकवणारे सगळे भारतीयच असले पाहिजेत. त्या काळात ही अट रकमेपेक्षा मोठी होती.

दान मिळते ते इमारतीला. पगार, औषधे, धुलाई, वीज यांना दाता मिळत नाही. बराच काळ हा भार हलका राहिला, तो मानद डॉक्टरांमुळे. शहरातले नावाजलेले शल्यविशारद नाममात्र मानधनावर सकाळी शिकवायचे, शस्त्रक्रिया करायचे आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसायचे. पुढे पूर्णवेळ अध्यापक आले, खासगी प्रॅक्टिस सोडल्याबद्दल व्यवसायरोध भत्ता आला आणि शिकवण्याची खरी किंमत पगारपत्रकात दिसू लागली.

मुंबई महापालिकेची गोष्ट देशात विरळाच म्हणावी अशी. केईएम, नायर, सायन आणि कूपर या रुग्णालयांना जोडलेली महाविद्यालये एक नगरसंस्था चालवते, तीही मुख्यतः शहराच्या करांतून. केईएममध्ये अठराशेहून अधिक खाटा आहेत आणि बाह्यरुग्ण विभागात वर्षाला अठरा लाखांच्या आसपास रुग्ण येतात. त्यांतले बरेच मुंबईबाहेरचे. कोकणातला शेतकरी किंवा उत्तर प्रदेशातला मजूर इथे बरा होतो, इथे शिकलेला डॉक्टर राज्यभर किंवा परदेशात जातो आणि खर्च पडतो मुंबईच्या करदात्यावर. जकात होती तोवर हे निभावले. २०१७ मध्ये ती जाऊन राज्याकडून मिळणारी जीएसटी भरपाई आली, तेव्हा महापालिकेच्या हातातले हुकमी उत्पन्न गेले.

पैसा कुठे अडतो, हे अस्थिरोग विभागात स्पष्ट दिसते. शस्त्रक्रिया जवळजवळ मोफत असते, पण हाडात घालायचा रॉड किंवा प्लेट बाहेरून आणावी लागते. निवासी डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो. नातेवाईक ती घेऊन समाजसेवा विभागात जातात. तिथे शिधापत्रिका तपासली जाते, ‘पुअर बॉक्स’ निधीतून थोडी रक्कम मिळते आणि उरलेल्या रकमेसाठी धर्मादाय ट्रस्टांची यादी हातात पडते. मग अर्ज, पत्रे, फेऱ्या. तोवर रुग्ण खाटेवरच पडून असतो. रॉडचा खर्च वाचवताना त्या खाटेचा, नर्सचा आणि जेवणाचा किती खर्च झाला, हे कुठल्याच लेखाशीर्षाखाली येत नाही.

राज्य सरकारच्या महाविद्यालयांचा कारभार १९७० पासून वैद्यकीय शिक्षण संचालनालयाकडे आहे. सार्वजनिक आरोग्य विभाग वेगळा. ही फाळणी रुग्णाला कळत नाही, पण खिडकीवर जाणवते. सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळे मोफत केले. तो निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. सरकार एकच, आजार एकच, पण रुग्णालय कोणत्या विभागाचे आहे यावर तपासणीचे पैसे ठरतात.

अधिष्ठात्याच्या हातात अंदाजपत्रकाचा फार थोडा भाग असतो. मोठा वाटा पगारात जातो, आणि मंजूर पदे भरणे, बदल्या, बढत्या हे सगळे मंत्रालयातून ठरते. यंत्रसामग्रीचे अनुदान बहुधा वर्षाच्या शेवटी हाती पडते आणि मार्चअखेर ते खर्च केले नाही तर परत जाते. मग यंत्र येते. ते चालवणारा तंत्रज्ञ आणि वार्षिक देखभाल करार वेगळ्या लेखाशीर्षात असल्याने मागे राहतात. औषधखरेदीचाही असाच प्रवास. २०१७ मध्ये ती राज्याच्या हाफकिन महामंडळाकडे एकवटली. विलंबाच्या तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. घाऊक खरेदीत दर कमी मिळतो हे खरे, पण दरकरार संपून नवा होईपर्यंत वॉर्ड थांबत नाही. त्या फटीत स्थानिक खरेदी आणि रुग्णालयाचे स्वीय प्रपंजी खाते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जमेचे खाते, कामी येते. चांगला अधिष्ठाता बहुतेक वेळा या खात्याच्या वापरावरूनच ओळखला जातो.

खासगी महाविद्यालयांचे दार वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३-८४ च्या सुमारास उघडले. लोणी, कराड अशा ठिकाणी विनाअनुदानित महाविद्यालये उभी राहिली. त्यांची अडचण नेमकी उलटी होती: जागांना मागणी उदंड, पण रुग्ण कुठून आणायचे? नियमानुसार दीडशे विद्यार्थ्यांसाठी सहाशेहून अधिक खाटा लागतात, आणि त्या वर्षभर बऱ्याच अंशी भरलेल्या असाव्या लागतात. पैसे देऊ शकणारा रुग्ण विद्यार्थ्यांच्या घोळक्यापुढे पोट उघडे करायला नाखूश असतो. म्हणून गावोगावी शिबिरे घ्यायची, बस पाठवायची, उपचार मोफत किंवा नाममात्र दरात करायचे आणि तूट शुल्कातून भरायची. हे प्रामाणिकपणे करणाऱ्या संस्थांनी ग्रामीण भागात खरोखर मोठी सेवा दिली. ज्यांना ते जमले नाही, त्यांनी तपासणीच्या दिवसापुरत्या खाटा आणि अध्यापक ‘भरले’. आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आली ती या अनुभवानंतरच.

शुल्कावरची लढाई न्यायालयांत गेली. कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा राज्याचा कायदा १९८७ चा. टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने संस्थांना वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली, पण नफेखोरी नाकारली; २००५ च्या इनामदार प्रकरणात तीच भूमिका कायम राहिली. आज २०१५ च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण संस्थांचे हिशेब तपासून शुल्क ठरवते. सगळी मेख रुग्णालयात असते. त्याची तूट शुल्कात पूर्ण धरली, तर विद्यार्थी रुग्णांचे बिल भरतो. मुळीच धरली नाही, तर संस्था खाटा कमी करते. शिवाय ट्रस्टने आपल्याच महाविद्यालयाला लावलेले जागाभाडे म्हणजे एका खिशातले दुसऱ्यात. ते खर्चात का धरावे? अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत, आणि अनेक जुन्या महाविद्यालयांनी तो दर्जा मिळवण्याचे एक कारण हेही होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये निम्म्या जागांचे शुल्क सरकारी दराइतके ठेवायला सांगितले. उरलेल्या निम्म्यांवर भार किती वाढेल, याचा विचार त्यात दिसत नाही.

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था दोन्ही व्यवस्थांत बसत नाही. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये ती सुरू केली. खर्चाचा निम्मा भाग केंद्र, चौथा हिस्सा राज्य आणि चौथा हिस्सा कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलते. आसपासच्या गावांनी सुगीनंतर ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करून आरोग्यविम्यात भाग घेतला. त्या गावांतला माणूस रुग्णालयात सभासद म्हणून येऊ लागला. हे अन्यत्र फारसे रुजले नाही, कारण त्यासाठी गावात सतत वावरणारे महाविद्यालय लागते.

अलीकडची वाढ जिल्हा रुग्णालयांतून होत आहे. केंद्र पुरस्कृत योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. तिसऱ्या टप्प्यात एका महाविद्यालयासाठी ३२५ कोटी रुपये धरले आहेत. हा पैसा उभारणीचा आहे. अध्यापकांचे पगार कायमचे राज्याच्या माथी येतात, म्हणून नव्या महाविद्यालयाची मान्यता आली की जुन्या महाविद्यालयातून प्रतिनियुक्तीचे आदेश निघतात आणि तिथला विभाग रिकामा होतो.

यात नवा प्रवाह आला तो विम्याचा. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाने, रुग्णाची कागदपत्रे भरली, दावा मंजूर झाला की सरकारी रुग्णालयाच्या खात्यातही पैसे जमा होतात आणि ते खर्च करण्याची मोकळीक अनुदानापेक्षा जास्त असते. त्यातून इम्प्लांट येतात, बंद यंत्रे सुरू होतात. मात्र पॅकेज मुख्यतः शस्त्रक्रिया आणि ठरावीक प्रक्रियांना आहे. त्यामुळे हृदयरोग आणि अस्थिरोग विभाग कमावते झाले. ओपीडीत ताप, खोकला, मधुमेह पाहणारा मेडिसिन विभाग तसाच राहिला. पदवीच्या विद्यार्थ्याचे बरेचसे शिक्षण मात्र त्याच ओपीडीत होते, आणि तिथे प्राध्यापकाने शिकवण्यात घालवलेल्या वेळेसाठी कोणत्याही योजनेत पॅकेज नाही.