सॅमन तिकडचा, मरळ आमची

हॉस्टेलवरच्या माझ्या रूममेटची मावशी शिकागोला असते. तिने एकदा फोटो पाठवला. अख्खी फॅमिली बोटीवर, काकांच्या हातात हा एवढा मोठा सॅमन आणि मागे समुद्रासारखं पसरलेलं लेक मिशिगन! सगळ्या म्हणाल्या, "वॉव!" मी म्हटलं, "आम्हीपण वीकेंडला फिशिंग करतो." कोणाला खरंच वाटेना.

गंमत म्हणजे तो सॅमन तिथला नाहीच. मूळचा पॅसिफिककडचा. लेक मिशिगनमध्ये एलवाइफ नावाच्या माशांचा सुळसुळाट झाला, तो खाऊन टाकायला १९६६ पासून सॅमन आणून सोडले.

आमचं फिशिंग म्हणजे आबाजींचा तलाव. आईचं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जवळ. आबाजी ढिवर, गावच्या मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद. होळीच्या सुट्टीत सगळे तिथे जमतो. पहाटे आबाजी आणि मामा डोंगा घेऊन जाळं काढायला जातात, आम्ही मुलं काठावर गळ टाकून बसतो, आई आणि मामी मासे साफ करता करता जगभराच्या गप्पा मारतात. दुपारी तिखटजाळ रस्सा आणि भात. त्यानंतर मेसचं जेवण म्हणजे... जाऊ दे!

जाळ्यात येतात ते बहुतेक रोहू, कटला. तेही सॅमनसारखे पाहुणेच! हे नदीचे मासे, साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी कटकला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अशा माशांची पैदास करून दाखवली. त्यातूनच पुढे हॅचरीचं बीज मिळू लागलं. सोसायटी ते दरवर्षी विकत आणून सोडते.

आबाजींचा जीव मात्र मरळ, मागूर, शिंगीवर. हे तलावातच जन्मणारे. मरळ काठच्या उथळ पाण्यात, गवतात घरटं करते. नर-मादी पिल्लांची राखण करतात. हे मासे हवा घ्यायला वर येतात. पाण्यावर एक बुडबुडा फुटला की आबाजी बोट दाखवतात, "ते पाय, मरळ!" आम्हाला नुसतं पाणी दिसतं. या वेळी दोन दिवसांत तीनच मरळी मिळाल्या. काठाला सगळीकडे बेशरम माजलंय. गवत गेलं, मासा गेला. मामा आता अर्धं वर्ष नागपूरला मजुरी करतो.

आबाजींनी विचारलं, "बाई, तुझ्या पुस्तकात तलाव आहे का?"

"आहे ना! रिझर्व्हॉयर."

"त्यात मासा आहे?"

कॅचमेंट आहे, स्पिलवे आहे, सिल्ट आहे. मासा नाही. कॉन्व्हेंटमध्ये 'एफ फॉर फिश' होता, पण तोही बिचारा बिननावाचा!

खरं तर हे तलाव म्हणजे आपल्या सिव्हिलचंच काम. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. ना काँक्रीट, ना कॉम्प्युटर. डोंगरांमधली जागा मातीच्या पाळीने अडवली, बस्स! कोहळ्यांनी भातासाठी पाणी अडवलं, ढिवरांनी त्यात मासा जपला.

आता गावात गाळ काढायची चर्चा आहे. जेसीबीने कडा सरळ कापल्या तर पाणी जास्त मावेल, पण काठचा उतार जाईल आणि उतारावरचं उरलंसुरलं गवतही. आबाजी एवढंच म्हणतात, "मधात खोदा, काठ नोका खोदू." आमच्याच तालुक्यात काही तलावांवर ढिवर बायांनी बेशरम उपटून पाणवनस्पती लावल्या आहेत. म्हणजे करता येतं!

म्हणून फायनल इयरच्या प्रोजेक्टला मी हाच तलाव घेतेय. गाळ किती, कुठून काढायचा आणि काठचा उतार किती ठेवायचा, याचा नकाशा करायचा. लेव्हल्स मी घेईन, कुठलं गवत कुठे लागतं ते आबाजी सांगतील. गावाची सभा पावसाळ्याआधी आहे, त्यामुळे वेळ कमी.

पार्टनर हवाय. अट एकच : मासे खाणारा असावा!