घरचे वायफाय : सोय, शिस्त आणि अचौर्य

व्यापारी घराण्यात पेढी आणि घर ही दोन स्थाने पूर्वीपासून एकमेकांना लागून असत. खाली दुकान व वखार, वर संसार. कीर्द-खतावणी खालच्या गादीवर राहत असे आणि तिजोरीची किल्ली वरच्या मजल्यावर वडीलधाऱ्यांच्या कमरेला. आज ती खतावणी संगणकात गेली आहे, हुंडीची जागा मोबाईलवरील भरण्याने घेतली आहे आणि महिन्याच्या २० तारखेचे जीएसटीचे विवरणपत्र इंटरनेटवाचून भरता येत नाही. भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. अवघ्या तीस वर्षांत ते पाण्याच्या नळाइतके नित्याचे झाले. मात्र नळ गळू लागला की आपण त्याच दिवशी प्लंबरला बोलावतो. घरचे वायफाय गळत असले तर वर्षानुवर्षे नुसती कुरकुर करतो.

आमच्याकडे ही कुरकुर चालवून घेण्यासारखी राहिली नाही, कारण तिच्याशी एक मोठा प्रश्न जोडला गेला. सूनबाईंना पुण्याच्या कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिली. अट एकच होती : कामाच्या वेळेत जोडणी तुटता कामा नये. सांगलीच्या आमच्या तीन मजली घरात ती दिवसातून चार-पाच वेळा तुटत असे. जोडणी सुधारली नाही तर चिरंजीव व सूनबाई पुण्यास बिऱ्हाड करणार आणि धाकट्या बंधूंच्या हळदीच्या पेढीतील तरुण हात कमी होणार, हे सर्वांना दिसत होते. निवृत्त असल्याने वेळ माझ्याकडे होता, म्हणून हे काम मी अंगावर घेतले. त्यातून जे उमगले ते अनेक घरांना उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. बाहेरून येणारी जोडणी वेगळी आणि घरात पसरणारे वायफाय वेगळे. फायबरच्या तारेतून प्रकाशरूपाने आलेला संदेश एक डबी विद्युतसंदेशात बदलते. राऊटर तो घरातील यंत्रांना वाटून देतो. अनेकदा ही दोन्ही कामे एकाच डब्यात असतात, त्यामुळे दोष कोणाचा हे कळत नाही. परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडावा. केबलवर वेग बरोबर येत असेल आणि खोलीत येत नसेल, तर कंपनीला दूरध्वनी करून उपयोग नाही. दोष आपल्या भिंतींत आहे.

आमचा दोष तसाच निघाला. जोडणी देणाऱ्याने राऊटर बसवला होता दुकानात, गल्ल्यामागे, लोखंडी तिजोरीला टेकवून. तार तेथवर सहज पोहोचत होती, एवढेच त्याचे कारण. धातू हा रेडिओलहरींचा मोठा अडसर. त्यावर दीड फूट जाडीची जुनी भिंत आणि सळ्यांनी भरलेला स्लॅब. राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून तो दूर ठेवावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे स्वयंपाकघरात दूध तापत असता शेजारच्या खोलीतील चित्र अडखळू शकते. आम्ही राऊटर पहिल्या मजल्यावरील जिन्याच्या चौकात, डोक्याच्या वर बसवला. निम्मे दुखणे तेथेच बरे झाले.

बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते व भिंत बऱ्यापैकी भेदते, पण तिच्यावर गर्दी फार. हा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. साहजिकच शेजाऱ्यांची सर्व यंत्रे त्यावरच बोलत असतात. या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीन वाहिन्याच एकमेकींत मिसळत नाहीत. त्यांपैकी कमी गर्दीची निवडावी. ५ गिगाहर्ट्झ अधिक वेगवान, मात्र एक-दोन भिंतींतच थकते. त्याच खोलीतील कामास ५ आणि लांबच्या खोलीस २.४, असा ढोबळ नियम पुरतो.

तथापि सर्वांत मोलाचा धडा असा की, जे यंत्र जागचे हलत नाही त्याला तारेनेच जोडावे. दुकानातील दोन्ही संगणक, छपाईयंत्र आणि सूनबाईंचे टेबल यांना आम्ही कॅट ६ केबल टाकली. ही केबल १०० मीटरपर्यंत विश्वासाने चालते. विजेच्या तारांच्या नळीतून ती नेऊ नये, स्वतंत्र नळी घालावी. एका संगणकावरील हिशेब दुसऱ्यावरून लिहिला जात असेल, तर ही तार अधिकच आवश्यक. नोंद होत असता जोडणी क्षणभर तुटली तरी हिशेबाची फाईल बिघडण्याचा धोका असतो.

दुसऱ्या मजल्यासाठी आणखी एक राऊटर घेतला व केबलने पहिल्याला जोडून त्याला केवळ लहरी पसरवण्याचे काम दिले. यात एक पथ्य आहे. घरातील प्रत्येक यंत्राला राऊटर एक क्रमांक देतो. दोन्ही राऊटर क्रमांक वाटू लागले की गोंधळ होतो. बँकेत दोन खिडक्यांवरून एकाच मालिकेची टोकन वाटली तर काय होईल? एकाच क्रमांकाचे दोन ग्राहक एकाच वेळी पुढे येतील. म्हणून दुसऱ्या राऊटरचे वाटप बंद ठेवावे, वायफायचे नाव व परवलीचा शब्द मात्र दोहोंचा एकच असावा. छपाईयंत्राला लॉकरसारखा कायमचा क्रमांक राखून द्यावा, म्हणजे बिल छापताना ते 'सापडत नाही' ही तक्रार उरत नाही.

विजेचे काय? राऊटरला वीज अगदी थोडी लागते. बहुतेकांचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो आणि त्यासाठी लहान यूपीएस मिळतो. घेण्यापूर्वी अडॅप्टरवरील व्होल्ट व अँपिअर वाचून जुळवावेत. फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही तो आधार हवा. एकाचा दिवा जळून दुसऱ्याचा विझला तर उपयोग शून्य.

आता सुरक्षेविषयी, कारण बँकेतील माझे आयुष्य याच चिंतेत गेले. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग तपास यंत्रणांना नवी मुंबईतील एका परदेशी नागरिकाच्या घरच्या वायफायपर्यंत घेऊन गेला. ई-मेल पाठवणारे कोणी दुसरेच होते. त्याच्या जोडणीचा वापर झाला होता. पोलीस मात्र प्रथम त्याच्याच दारी आले. उघडे वायफाय म्हणजे सही करून टेबलावर ठेवलेला कोरा धनादेश होय.

म्हणून चार गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. राऊटरच्या व्यवस्थापनाचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा; हा शब्द आणि वायफायचा शब्द वेगवेगळे असतात व पहिला बदलायचा बहुतेक घरांत राहून जातो. संरक्षणपद्धती डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ पासून आलेली डब्ल्यूपीए-३ निवडावी. जुनी 'वेप' पद्धत २००१ पासूनच कमकुवत ठरलेली आहे. कळ दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. आणि राऊटरची प्रणाली अद्ययावत करीत राहावे.

पाचवी गोष्ट सांगताच घरात मतभेद झाला. पाहुणे, भाडेकरू आणि दुकानातील गिऱ्हाईक यांच्यासाठी राऊटरमध्येच स्वतंत्र 'अतिथी' वायफाय करता येते, ज्यातून इंटरनेट मिळते पण घरातील संगणक दिसत नाहीत. बंधू नाराज झाले. म्हणाले, "दादा, आल्या-गेल्याला आपला पासवर्ड नाही म्हणायचे, तर चहा तरी कशाला विचारायचा?" मी म्हणालो, "चहा दिवाणखान्यात देतोस की तिजोरीच्या खोलीत?" ते काही बोलले नाहीत, परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनीच अतिथी वायफायचा शब्द कागदावर छापून गल्ल्याजवळ लावला. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्यामागे कोणावरचा अविश्वास नसतो. उलट, कोणावर संशय घेण्याची वेळच येऊ नये, यासाठी ती रचना असते.

याची दुसरी बाजूही आपल्या धर्मदृष्टीने पाहण्यासारखी आहे. शेजाऱ्याचे वायफाय त्याच्या नकळत वापरणे हा आज थट्टेचा विषय झाला आहे. पण न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, ही अचौर्य व्रताची व्याख्या आपण बालपणापासून ऐकतो. वस्तू डोळ्यांना दिसत नाही म्हणून व्रत शिथिल होत नाही. नातवाने शेजारच्या घराचा पासवर्ड मित्राकडून मिळवला, तेव्हा मी त्याला रागावलो नाही. त्याला घेऊन शेजारी गेलो आणि विचारून घ्यायला लावले. त्यांनी हसून परवानगी दिली. नातवाने मात्र त्यानंतर ते वापरले नाही.

परिग्रहाचे परिमाण येथेही लागू करावे. सर्वांत महाग योजना घेण्यापूर्वी घरात एकाच वेळी कोण काय करतो, याची नोंद आठवडाभर ठेवावी. राऊटरमध्ये वेळापत्रकाचीही सोय असते. आमच्याकडे रात्री ११ ते पहाटे ५ मुलांच्या यंत्रांना इंटरनेट बंद असते आणि सायंकाळी आईच्या सामायिकाची ४८ मिनिटे दूरदर्शनसंचाला. दुकान व सूनबाईंचे टेबल यांना ही बंदी नाही.

हा सारा खर्च पुण्यातील दोन खोल्यांच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी आला. सूनबाईंचे काम दुसऱ्या मजल्यावर चालू आहे आणि चिरंजीव सकाळी हळदीच्या सौद्याला जातात. उद्या त्यांना अन्य कारणाने जावेसे वाटले तर त्यांनी जरूर जावे. निदान एका तुटक्या जोडणीमुळे घर विभागले गेले, असे होऊ नये.

शेवटी एकच विनंती. राऊटरचे परवलीचे शब्द, यंत्रांचे क्रमांक, कोणती केबल कोठे गेली याचा साधा आराखडा आणि जोडणी देणाऱ्याचा ग्राहक क्रमांक हे सर्व एका वहीत लिहून ती वही तिजोरीत ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे. हिशेब एकट्याच्या डोक्यात राहिला की पेढी अडते, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. या नव्या खात्यालाही तोच नियम लावू या.