गाडी ‘बसवायची’ आहे!

आपल्याकडे गाडी ‘बसली’ म्हणजे वाईट बातमी. कमानपाटा तुटला, नाहीतर मालकाने हावरटासारखा माल भरला, दोनच अर्थ. वडखळ नाक्यावर दहा मिनिटं उभे राहा (ट्रॅफिकच्या कृपेने राहावं लागतंच!), म्हणजे बसलेल्या गाड्यांचं अख्खं प्रदर्शन बघायला मिळेल. डोलवीच्या स्टील कारखान्यातून निघालेले कॉइलचे ट्रेलर, विटांचे ट्रक, भाजीचे टेम्पो... सगळे मागून दबलेले. अशा गावात पदरचे पैसे मोजून एखादी धडधाकट गाडी मुद्दाम बसवायची म्हणणारा माणूस म्हणजे एकतर येडा, नाहीतर इंटरनेटवर फार वेळ घालवणारा. माझा मामेभाऊ दुसऱ्या प्रकारातला. त्याला इथे आपण ‘हिरो’ म्हणू. घरात तेच म्हणतात.

हिरो ऐरोलीला आयटीत आहे. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, शनिवारी वडखळ. आणि वडखळला आहे मामाची 1971 सालची महिंद्रा एफसी-150.

ही गाडी तुम्ही पाहिली नसेल तर डोळ्यांसमोर आणा : एक जीप, जिचं नाक कुणीतरी कापून टाकलंय. इंजिन केबिनच्या पोटात, ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकावर बसलेला, मागे सरळ हौदा. विलीज कंपनीने पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत आणलेलं हे मॉडेल, डिझाइन ब्रुक्स स्टीव्हन्सचं. महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली होतीच, त्याच नात्यातून हे बिननाकाचं भावंडही भारतात आलं. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर जेमतेम 81 इंच, त्यावर उंच केबिन. लांबून गाडी कमी आणि चालतं कपाट जास्त वाटते. आमच्या गाडीवर मामाचा जीव आहे, पण तिला ‘व्हिंटेज’ म्हटलं की तो हसतो. त्याच्या मते व्हिंटेज म्हणजे जी काम करत नाही ती.

हिरोचा फंडा असा की, ही गाडी चार इंच खाली आणायची. रुंद टायर, मॅट रंग, आणि रविवारी सकाळी अलिबाग. मोबाईलवर फोटो तयार होतेच. कॅलिफोर्नियातले जुने पिकअप, रस्त्याला पोट टेकायला आल्यासारखे. खोटं कशाला बोलू, दिसतात एकदम झकास.

या प्रकाराचा इतिहासही भारी आहे. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमधली पोरं जुन्या गाड्यांच्या डिकीत वाळूच्या गोण्या टाकून त्या मागून दबवायची. बाकीची अमेरिका वेगामागे पळत असताना हे म्हणायचे, खाली राहा आणि हळू जा. सरकारला ते रुचलं नाही. गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आला तर ती बेकायदा, असा नियम कॅलिफोर्नियाने 1958 मध्ये आणला. मग 1959 मध्ये रॉन अगुइरे नावाच्या पठ्ठ्याने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली! ती बंदी उठायला 1 जानेवारी 2024 उजाडावा लागला. म्हणजे ज्याला आपण पोरखेळ म्हणतो, तो एका अख्ख्या समाजाचा ‘आम्ही इथे आहोत’ असं सांगण्याचा मार्ग होता. फ्रीलान्सर असल्यामुळे असल्या गोष्टी माझ्या डोक्यात लगेच स्टोरी म्हणून छापायला लागतात.

मामाच्या डोक्यात काही छापलं जात नाही. तो आगरी ठसक्यात एवढंच म्हणाला, ‘‘बसायला पाट लागतो, गारीला पाटे लागतात. कुनी सांगितला तुला उलटा?’’

नाक्यावरच्या तज्ज्ञांनी मात्र हिशेब मांडला. रस्त्यांच्या मानकात स्पीड ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितलाय. चार इंच म्हणजे 10 सेंटिमीटर. म्हणजे बरोब्बर एक स्पीड ब्रेकर खाली! (आणि गावठी ब्रेकरने ते मानक कधीच वाचलेलं नसतं.) सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी घासणार, विषय संपला.

विषय संपला नव्हता, हे पेणच्या बाजूला एका कमानवाल्याकडे गेल्यावर कळलं. चाचांनी गाडीखाली पुठ्ठा टाकला, आडवे झाले, आणि हिरोला व मलाही वाकून बघायला लावलं. जीन्सची वाट लागली, पण समजलं असं : या गाडीला चारही बाजूंना कमानपाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, सर्वांत लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन टोकांना डोळे. मध्ये यू-बोल्टने जखडलेला आख्खा ॲक्सल. त्या ॲक्सलच्या मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, जमिनीपासून किती वर आहे हे ठरवतो टायर. पाटे काहीही करा, गोळा तिथेच. ‘‘ब्रेकर नाही लागणार. तुम्हाला लागणार खड्डा,’’ चाचा म्हणाले. कारण खाली येते ती चासी. ॲक्सल आणि चासीमधली जागा कमी होते, आणि चाक खड्ड्यातून उसळलं की ॲक्सल सरळ चासीवर जाऊन आदळतो. मध्ये रबराचा एक बंप असतो बिचारा, तो किती खाणार?

अमेरिकेतले लोक यावर उपाय म्हणून ॲक्सलच्या वर चासीलाच अर्धगोल खाच कापतात आणि बाजूने जाड पट्टी वेल्ड करतात. पाटे ॲक्सलवर असतील तर ॲक्सल पाट्यांच्या वर घेतात. कुणी पाटे तापवून कमान सपाट करतं. यातलं तापवणं ऐकून चाचांनी कपाळाला हात लावला. गॅसची ज्योत लागली की पोलादाचं पाणी उतरतं, आज सपाट झालेला पाटा उद्या तुटतो. उरला एकच सरळ मार्ग : मधले पाटे कमी करायचे. सारख्या जाडीचे सात असतील आणि एक काढला, तर कडकपणा साधारण सातव्या हिश्श्याने कमी. पाटाच पातळ घेतला तर मात्र हिशेब भयंकर, जाडी निम्मी म्हणजे कडकपणा थेट आठव्या हिश्श्यावर. कॉलेजात मास कॉमऐवजी हे शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटून गेलं.

कायद्याचं काय? मी ते चाळून ठेवलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाला धक्का लागेल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ठणकावून सांगितलं. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. 50 वर्षांहून जुनी, खासगी वापरातली गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं. अट एकच, पण जबरी : गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको.

‘‘मग झालं तर!’’ हिरो म्हणाला. ‘‘पप्पांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल केव्हाच टाकलंय. हौदा पेणला बांधलाय. मूळ राहिलंय काय? त्यांनी बदललं ते काम आणि मी बदललं तर नखरे?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही फारसं नाही. डिझेल टाकलं तेव्हा मामाला ॲव्हरेज हवं होतं, घर चालवायचं होतं. पण गरज म्हणून केलेला बदल पवित्र आणि आवड म्हणून केलेला पाप, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मीही नोकरी सोडून आवडीचंच करते.

परतीच्या वाटेवर, जॅममध्ये उभे असताना, हिरो वेगळंच बोलला. मामाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्या केबिनमध्ये चढायचं म्हणजे पुढच्या चाकाच्या उंचीवर पाय टाकायचा. ऑपरेशननंतर मामा एकदाही चढलेला नाही. रोज सकाळी बोनेट नसलेल्या त्या चेहऱ्यावरून फडकं मारतो, चावी लावायला शेजारच्या पोराला सांगतो, आणि बाहेर उभा राहून इंजिन ऐकतो. ‘‘चार इंच कमी झाले असते ना, ताई...’’ एवढं बोलून त्याने हॉर्न वाजवला. पुढे काहीच हललेलं नव्हतं.

मी ते घरी सांगून टाकलं. (पत्रकाराला गुपित सांगू नये.) मामा बराच वेळ गप्प. मग उठला, पडवीतल्या माळ्याखालून एक पोतं ओढून आणायला लावलं. आत काळं ग्रीस माखलेले चार पाटे.

हमरापूर-जोहे भागातून गणपतीच्या मूर्ती मुंबईला नेणं हा एकेकाळी मामाचा सीझनचा धंदा. मूर्तींना पेंढा लावा, गोण्या लावा, रिकामी जीपची जात ती, खडखडणारच. विटांसाठी बनवलेले कडक पाटे मूर्तीचे हात मोडायचे. म्हणून आषाढात मामा मागच्या प्रत्येक कमानीतून दोन-दोन पाटे काढून ठेवायचा. गाडी मऊ व्हायची आणि मागून दोन इंच बसायची. गणपती झाले की पाटे परत आत, विटा सुरू. कॅलिफोर्नियात लोक जे शौक म्हणून करत होते ते आमचा मामा दरवर्षी बाप्पासाठी करत होता, आणि कुणी फोटोही काढला नव्हता.

‘‘चासीला हात लावाचा नाय,’’ मामा म्हणाला. ‘‘पाटे पायजे तर काढ. ठेव पोत्यात. आनि मला चरायला पायरी लाव, लोखंडाची. त्याला गारी कशाला बसवतोस?’’

पायरी वडखळच्याच फॅब्रिकेटरने अर्ध्या दिवसात जोडून दिली, दोन बोल्टवर, काढता येईल अशी. पाटे काढायला चाचांना त्याहून जास्त वेळ लागला, कारण जुने यू-बोल्ट हलेनात. ते नवेच टाकले. हिरोला हवे होते चार इंच, मिळाले जेमतेम दोन, तेही फक्त मागे. पुढून गाडी तशीच ताठ. खरं सांगू, थोडी विचित्रच दिसते, पाटावर बसून नाक वर केलेल्या आजोबांसारखी. हिरोने तरी चाळीस फोटो काढले.

मामा पहिल्यांदा चढला तेव्हा पायरीवर थोडा थांबला. मग आत बसून स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आरसा आपल्या बाजूला फिरवला, आणि हिरोला म्हणाला, ‘‘तू तिकरून बस. हमरापूरला जाऊन येऊ. आपली मूर्ती यंदा हिच्यातनंच आनू.’’

पोत्यात आता आठ पाटे आहेत. चार जुने, चार आत्ता काढलेले. यातले कुठले परत घालायचे, यावर दोघांचं भांडण चालू आहे.