थरथर

क्लच बदलून गाडी घरी आणली, त्याच आठवड्यात बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "खाली काहीतरी थरथरतंय रे."

मी आरशात पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर नेहमीसारखा हलत होता. पार्किन्सन्सचं निदान होऊन चार वर्षं झाली होती. "रस्त्याचं असेल, बाबा," मी म्हटलं. मनात काय आलं ते बोललो नाही, पण त्यांना ते कळलंच. घरी पोहोचेपर्यंत ते गप्प होते.

बाबांची सगळी नोकरी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत गेली. 1951 साली ही संस्था गोमतीकाठच्या छतर मंझिलमध्ये, म्हणजे नवाबांच्या महालात सुरू झाली. बाबा तिथे उपकरणं दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर आम्ही जानकीपुरममध्ये घर घेतलं, आणि पुढे संस्थाही जानकीपुरम विस्तारात आली. "मला सोडवेना तिला," असं बाबा पाहुण्यांना सांगत.

चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायची हौस माझी. हिवाळ्यात बाबांना मुनस्यारीला न्यायचं, पंचाचूली पुन्हा दाखवायची, असं ठरलं होतं. पुढे ते प्रवासाला बसू शकतील की नाही, याची खात्री नव्हती. म्हणून सेकंडहँड गाडी घेतली, आणि निघण्याआधी सगळी कामं करून घ्यावीत म्हणून क्लचही बदलला.

पुढच्या पंधरवड्यात थरथर मलाही जाणवली. ऐंशीच्या आसपास सुरू व्हायची, नव्वदच्या पुढे विरायची. मी चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, टायर पुढचे मागे केले. फरक शून्य. मग डॅशबोर्डवरचं बटण फिरवून गाडी टू-व्हीलवर टाकली. थरथर तशीच. म्हणजे मागे जाणाऱ्या शाफ्टचा दोष नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि स्वतःवर खूश झालो.

रविवारी बाबांनी पाण्याची अर्धी बाटली मागवली आणि रिंग रोडला चल म्हणाले. बाटली त्यांनी दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावर उभी केली, हात लावला नाही. ऐंशीला पाण्यावर बारीक, दाट लाटा उठल्या. "आता न्यूट्रल कर." इंजिनाचे फेरे उतरले, गाडी आपल्या वेगाने धावत राहिली, आणि लाटाही राहिल्या. म्हणजे इंजिन सुटलं.

"स्टिअरिंग हलतंय?"

"नाही."

"मग पुढची चाकंही नाहीत." थोडं थांबून ते म्हणाले, "माझा हात सेकंदाला पाच वेळा हलतो. मोजलाय मी. आणि काही धरायला गेलं की कमी होतो. हे त्याच्या कितीतरी पट जलद आहे."

घरी येऊन त्यांनी मला हिशेब मांडायला लावला. ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. आमचं चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या थोडं वर जातं, म्हणजे सेकंदाला साडेदहा फेरे. शाफ्ट मात्र चाकाच्या अडीच-तीन पट फिरतो. बाटलीतल्या लाटा त्या हिशेबाच्या होत्या. "सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्यांचं वजन जुळलं नाही, की अस्संच टेबल गुणगुणायचं," बाबा म्हणाले.

इंजिनीअरिंग कॉलेज चौराह्याजवळच्या उस्तादांकडे गेलो. मी टू-व्हीलच्या चाचणीचं सांगितलं तेव्हा ते हसले. "साहब, बटन से ताकत कटती है, घूमना थोड़े ही बंद होता है." आमच्या गाडीत जोडणी मागच्या डिफरन्शियलला लागून होती. बटण काहीही सांगो, शाफ्ट फिरतच राहणार. माझा निष्कर्ष तिथेच निकालात निघाला.

उस्तादांनी गाडी चारही चाकांनी उचलली. अशा गाडीची दोनच चाकं उचलून गिअर टाकला, तर जमिनीवरची चाकं ताकद घेऊन गाडी स्टँडवरून पाडू शकतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा होता, मध्ये सेंटर बेअरिंग. बेअरिंगभोवतीचं रबर एका बाजूला फाटलं होतं. पण ते परिणाम होतं, कारण नव्हे. उस्तादांनी फ्लँजवरची माती रॉकेलच्या फडक्याने पुसली. शाफ्टवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिसला. त्याचा जोडीदार समोरच्या फ्लँजवर हवा होता. तो नेमका पलीकडच्या बाजूला होता.

चार बोल्टांचा फ्लँज चार प्रकारे बसतो. क्लचच्या कामासाठी शाफ्ट उतरवताना कुणी खडूची रेघ मारली नव्हती, आणि परत लावताना तो अर्धा फेरा फिरवून बसवला गेला. जुळवून ठेवलेला तोल तिथेच बिघडला.

बेअरिंग लालबागेत मिळालं. मुंबईच्या माणसाला लालबाग म्हटलं की गणपती आठवतो. लखनौत गाडीचे पार्ट आठवतात. उस्तादांनी जोडावरचे क्रॉस हाताने हलवून पाहिले, ढिलाई नव्हती. ठिपक्याला ठिपका लावून बोल्ट आवळले. बाबा स्टुलावर बसून बघत होते. "अंकल जी, आप इसी लाइन में थे?" उस्तादांनी विचारलं. "नहीं, दवाई की लाइन में," बाबा म्हणाले.

परत रिंग रोड. पुन्हा बाटली. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. पाणी जवळजवळ स्थिर.

"बाबा, आता?"

"आता फक्त माझीच उरली."

मी हसलो नाही. गाडी कडेला घेतली आणि त्या दिवशी आरशात काय पाहिलं, काय समजलो, ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मलाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणून तर मोजून पाहिलं."

डिसेंबरात निघालो. सीतापूर, बरेली, हल्द्वानी. बाबा पुढे बसले होते.