पत आणि तिचा पाठ

'पत' हा शब्द आमच्या भाषेत केवळ पैशापुरता कधीच नव्हता. पत राखणे, पत जाणे यांत घराण्याची अब्रू, दिलेला शब्द, गावाची स्मरणशक्ती असे सारेच येत असे. आता ती 300 ते 900 यांमधील एका आकड्यात मावते, आणि तो आकडा ज्या मजकुरावरून काढतात तो आम्ही लिहिलेला नसतो.

आमच्या अहवालात आम्ही कधीच न घेतलेले एक कर्ज थकीत म्हणून नोंदले गेले. नामसाधर्म्य, दुसरे काही नाही. दुरुस्तीच्या खटपटीत पत माहिती कंपन्यांविषयीचा 2005 चा कायदा वाचला, वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने वाचावा तसा. त्याचे 21 वे कलम ऋणकोला अहवालाची प्रत मागण्याचा व चूक दाखवण्याचा हक्क देते. दुरुस्तीची मुदत 30 दिवस. मात्र लगेच अट येते : नोंद पाठवणाऱ्या संस्थेने दुरुस्ती प्रमाणित केली, तरच ती करायची. अपपाठ कोणता हे लेखनिकालाच विचारावे, असे पाठचिकित्सेत कोणी म्हटले तर हसू होईल!

2016 मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला एक संपूर्ण अहवाल विनामूल्य देण्यास सांगितले. 2023 मध्ये मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई ठरवली. दिरंगाईला चाप बसला, हे चांगलेच. पण 'आमचेच बरोबर' असे संस्थेने मुदतीत कळवले, की भरपाईचा प्रश्न उरत नाही. मग लोकपाल, 2022 पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. नकाराचे कारण कळवणे आता बंधनकारक आहे. आम्हांला कळवलेले कारण दोन शब्दांचे होते : 'नोंद योग्य'.