गोचीड आणि उघडा हात

गुराची परीक्षा कानापासून आरंभावी असा माझा प्रघात आहे. कारण कानाची पाळी उलटून आत बोट फिरविले, की एरंडीच्या बीसारखी रक्ताने तट्ट फुगलेली गोचीड हाताला लागते आणि ताप, पंडुरोग किंवा तांबडी लघवी यांच्या कारणाचा निम्मा उलगडा तेथेच होतो. अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात, विशेषतः फणसाडच्या रानालगत चरणाऱ्या गुरांत, ही परीक्षा क्वचितच निष्फळ ठरते. 1893 साली स्मिथ आणि किलबर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचीडच पसरविते हे सिद्ध केले, म्हणजे रॉससाहेबांच्या मलेरियाच्या डासाआधी चार वर्षे आमच्या पशुवैद्यक शास्त्राने हा मान मिळविला, याचा मला किंचित अभिमान आहे.

आणि त्याच शास्त्राचे आम्ही सेवक ती गोचीड उघड्या बोटांनी उपटून नखांत चिरडतो! गोचिडीने गुरांना काय काय होते ते दवाखान्यातील परिचर मुखोद्गत सांगेल, माणसाचे विचारावे तर हसून म्हणेल, “साहेब, इतकी वर्षं काढतोय, मला कुठं काय झालं?” कृत्रिम रेतनाच्या वेळी खांद्यापर्यंत हातमोजा चढविणारा हाच गृहस्थ गोचिडीसाठी मोजा वाया घालवीत नाही.

त्याच्या निर्धास्तपणाचे मूळ आमच्या विद्येतच आहे. आम्ही मुक्या जिवाची लक्षणे पाहून धोका ताडतो. परंतु क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू अंगात असूनही गाय वा शेळी निरोगी दिसते, निवांत रवंथ करते, आणि चिरडलेल्या गोचिडीतून किंवा त्या जनावराच्या रक्तातून तो माणसात येतो. 2011 साली गुजरातेत साणंदजवळ या तापाच्या रुग्ण स्त्रीपाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावल्या. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडलेला, गोचिडीनेच पसरणारा माकडताप 2016 साली आमच्याच कोकणात, सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे, काजूच्या बागांत पोचला.

चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावी व स्पिरिटच्या बाटलीत टाकावी, एवढीच तजवीज; रॉकेल नको, निखारा तर नकोच. खरी अडचण पुढे आहे. गोचिडीचा टायफस डॉक्सिसायक्लिनने आटोक्यात येतो, पण आधी वैद्याला संशय यावा लागतो. आणि आमचा माणूस ताप सांगतो, धंदा सांगत नाही. म्हणून तापाने फणफणलेल्या सहकाऱ्याजवळ मी हल्ली एक चिठ्ठी देतो: “गुरांचे काम, गोचिडींशी नित्य संबंध.” काही डॉक्टर ती वाचतात.