कोरडी ऊब

आमच्या नृसिंहवाडीत जुनी गाडी वयाने मरत नाही, ओलीने मरते. कृष्णा आणि पंचगंगा इथे एकमेकींना मिळतात आणि पावसाळा सुरू झाला की ते पाणी हवेतून घराघरांत शिरतं. पेटीतली सोवळी, पोथ्यांची पानं, दाराच्या कड्या, काहीच त्यातून सुटत नाही. रोज रस्त्यावर धावणारी गाडी झिजते, पण तिची झीज समजते आणि भरूनही काढता येते. ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी मात्र आतल्या आत कुजत असते. मालक समजत असतो की आपण तिला जपलं आहे.

युरोप-कॅनडातले जुन्या गाड्यांचे शौकीन घरच्या गॅरेजला हीटर लावतात, कारण तिकडच्या थंडीत बोटं वळत नाहीत आणि पाना हातात धरवत नाही. आमच्याकडे तशी थंडी नाही. तरीही माझी शेड मी चार महिने तापवतो. घरामागच्या जुन्या गोठ्याची ही शेड. जोतं उंच, भिंती दगडी, वर पत्रा आणि पत्र्याखाली लाकडी फळ्यांचं छत. फळ्या नसत्या तर रात्री पत्रा गार पडून पहाटे त्याचे थेंब गाडीच्या टपावर टपटपले असते.

गंज चढायला लोखंडावर पाऊस पडावाच लागतो असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि काम सुरू होतं. श्रावणात आमच्याकडे 24 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. तीच हवा शेडमध्ये 30 अंशांपर्यंत नेली की आर्द्रता 63 टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, हवेची ते धरून ठेवायची ताकद तेवढी वाढते. सहा अंशांची ही ऊब म्हणजे माझ्या सगळ्या हत्यारांमधलं पहिलं हत्यार.

ती द्यायची कशी, यावर मात्र माझं मत ठाम आहे. शेडमध्ये शेगडी पेटवू नये, गॅसची तर नाहीच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच हवेत मिसळतं. म्हणजे आपण शेड कोरडी करायला बसतो आणि प्रत्यक्षात तिला वाफारा देतो. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते आणि ठिणगीची वाट बघते. बंद शेडमधल्या धुराने गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या दर वर्षी वाचायला मिळतात. म्हणून वीजच बरी. एक तेलाचा बंद हीटर, तोही खड्ड्यापासून लांब आणि जमिनीपासून उंच. टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करून, सुकवून झाले की जाळीतले तारेचे जुने दिवे, एक बॉनेटखाली आणि एक सीटच्या पायाशी. एलईडी दिवा यासाठी निरुपयोगी. उजेड भरपूर देतो, पण ऊब जवळजवळ नाहीच. तारेचे दिवे आता दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून दिसतील तिथून मी ते घेऊन ठेवतो.

पुराची गोष्ट निराळी. नदी चढून देवळात येते, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते, तेव्हा लोक लांबलांबून स्नानाला येतात. दक्षिणद्वार सोहळा हा आमच्या गावाचा आनंद आहे. पण पाणी तिथे थांबलं नाही तर काय होतं, हे वाडीने 2005 साली पाहिलं, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाहिलं आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाहिलं. आधी म्हातारी माणसं हलतात, मग गुरं, मग धान्य. चालू गाड्या जयसिंगपूरच्या बाजूला निघून जातात. बंद पडलेली गाडी ढकलून न्यायला त्या घाईत कोणाला सवड असते? जुन्या गाड्या पुरात सापडतात त्या अशा.

कुरुंदवाडच्या एका घरातली फियाट 1100 डिलाइट 2019 च्या पुरानंतर माझ्याकडे आली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून बनवलेली ही गाडी. पुढे हीच प्रीमियर पद्मिनी झाली आणि टॅक्सी म्हणून मुंबईभर फिरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली. 1089 सीसीचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ती आली तेव्हा दारांच्या पोटात गाळ होता, दिव्यांच्या काचांत अर्ध्यापर्यंत पाणी होतं, आणि घरच्यांनी एक फार मोठी गोष्ट नेमकी केली होती, ती म्हणजे काहीच केलं नव्हतं. कोणी चावी फिरवली नव्हती. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाळ असेल तर बेअरिंगवर ओरखडे उठतात. बुडालेल्या गाड्यांची इंजिनं पाण्याने जेवढी जातात, त्याहून जास्त अशा घाईने जातात.

कृष्णेचा गाळ बारीक असतो, पिठासारखा. शेतात तो सोनं आहे, इथली वांगी त्यावरच पोसतात. पण गाडीच्या पोकळ भागांत तो वाळला की सिमेंट होतो आणि पुढची कितीतरी वर्षं ओल धरून ठेवतो. म्हणून पहिलं काम उलटं, गाडीला आणखी पाणी घालायचं. गाळ ओला आहे तोवर स्वच्छ पाण्याने दारांची पोटं, दारांखालचे उंबरे, चासीचे कप्पे धुवायचे, खालच्या भोकांतून नितळ पाणी येईपर्यंत. मग सगळी तेलं काढायची, प्लग काढायचे, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून इंजिन हाताने सावकाश फिरवायचं. ब्रेकचे ड्रम उघडायचे. ब्रेक ऑईल स्वतःच पाणी शोषतं, ते सगळं फेकायचं. आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे फक्त वाळवण. सीट बाहेर, गालिचे बाहेर, दारांचे आतले पत्रे बाहेर आणि शेडमध्ये ती सहा अंशांची ऊब. बघणाऱ्याला वाटतं काम थांबलंय. मालक फोन करतात, कुठवर आलं म्हणून विचारतात. मी सांगतो, वाळतेय. याच काळात गाडी वाचते किंवा जाते, असं माझं अनुभवाचं मत आहे. पाना त्यानंतरचा.

आणि पाना हातात घेतला तरी उष्णतेपासून सुटका नाहीच. हे काम मला शिकवलं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी. गंजून बसलेल्या नटावर मी जोर लावायला लागलो की ते ओरडायचे, "आरं लेका, ताकद कुनाला दावतोस? चाकी तापीव, बोल्ट तापवू नगंस!" त्यात सगळं भौतिकशास्त्र आलं. चाकी तापून फुगते, आतला बोल्ट अजून गार असतो, आट्यांमध्ये केसाएवढी फट पडते. त्या क्षणी आट्यांवर मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत ओढलं जातं. मग थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. पन्नास वर्षांचा बोल्ट न तुटता बाहेर येतो तेव्हा जो आनंद होतो तो मला नवी गाडी घेऊनही झाला नसता.

फ्लायव्हीलवरची दातेरी रिंगही तशीच बसते. साधारण 25 सेंटिमीटर व्यासाची पोलादी रिंग 200 अंशांनी तापवली की जेमतेम 0.6 मिलिमीटर फुगते. एवढ्याच फटीच्या भरवशावर ती फ्लायव्हीलवर सोडायची, वाकडी न पडता, एका दमात. गार झाली की घणानेही हलत नाही. रिंग किती तापली हे मिस्त्री रंगावरून ओळखायचे. पॉलिश केलेल्या पोलादावर आधी फिकट गव्हाळ छटा येते, तिथे थांबायचं. निळा रंग चढला तर दात मऊ पडले असं समजावं. ॲल्युमिनियम मात्र दगा देतं. ते रंग बदलत नाही, लाल होत नाही, 660 अंशांना सरळ पाणी होऊन खाली पडतं. पण पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, हा त्याचा गुण. जुन्या इंजिनाचा पिस्टन कढत पाण्यात धरला की जी पिन हातोडीने जात नव्हती ती अंगठ्याने सरकते. हातोडी मारून पिस्टन चेपणारे पाहिले की मला वाईट वाटतं. पातेलंभर गरम पाण्याचं तर काम असतं.

या फियाटच्या हॉर्नची पितळी कडी तडकली होती. ती हुपरीच्या एका चांदी कारागिराने जोडून दिली. पैंजणांच्या कड्या झाळणारा हात तो. ज्योत जवळ आली, लांब गेली, डाग चमकला आणि वाहिला, बास. आमच्या भागातला गुळव्या काहिलीतला पाक बघून नेमक्या क्षणी ती उतरवायला सांगतो, त्याच जातीचं हे ज्ञान. थर्मामीटर दोघांकडेही नसतो. शिसं आणि कथलाने पत्र्याचे खड्डे भरण्याचं जुनं कामही असंच. सत्तर भाग शिसं आणि तीस भाग कथील हा मिश्रधातू 183 अंशांपासून 250 च्या आसपासपर्यंत लोण्यासारखा मऊ राहतो. तेवढ्या वेळात मेण लावलेल्या लाकडी थापीने तो पसरवायचा. खाली गेला की घट्ट, वर गेला की ओघळून जमिनीवर. शिशाचा धूर विषारी असतो, म्हणून दारं उघडी, तोंडाला मास्क, आणि जवळ मुलं नकोत. हल्ली सगळे लांबी भरतात. पातळ थराला माझी हरकत नाही. पण बोटभर जाडीची लांबी भरून वर चकचकीत रंग मारायचा म्हणजे खालच्या गंजावर पांघरूण घालायचं. आमच्या हवेत ती दोन-तीन पावसाळ्यांत फुगून येते.

रंगाचं तर विचारूच नका. त्या काळच्या गाड्यांवरचा एनसी रंग, ज्याला गॅरेजमध्ये अजून ड्यूको म्हणतात, तो पावसाळ्यात मारला की पांढुरका पडतो. थिनर झपाट्याने उडतं, उडताना पत्र्यावरची उष्णता घेऊन जातं, पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर उतरतं. काळी गाडी राखेसारखी दिसायला लागते. म्हणून शहाणा पेंटर श्रावणात बंदूक हातात घेत नाही. मीही घेत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, उसाच्या तोडी सुरू होतात, तेव्हा रंग. तोवर पत्रा उबेत, प्रायमरखाली.

आता यातला वादाचा भाग. अनेकांना जुनी गाडी शोरूममधून आत्ताच आल्यासारखी हवी असते. काही जण जुन्या फियाटमध्ये मारुतीचं इंजिन बसवून घेतात, दांडा खाली आणतात, वर एसी. गाडी चालते, उत्तम चालते, आणि त्यांची गरज मला समजते. पण ती मग फियाट राहत नाही. 2021 च्या जुलैमध्ये, आमच्याकडे पाणी चढत होतं त्याच महिन्यात, केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नोंदणीला 20,000 रुपये, नंबरपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शनं, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. फी थोडी जास्त वाटते, पण मूळपणाला कायद्याने किंमत दिली हे फार चांगलं झालं.

मूळपण म्हणजे काय ते बघायचं असेल तर दसऱ्याला कोल्हापुरात जावं. छत्रपती घराण्याची मेबॅक सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते. जर्मनीत घडलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गाडी, आणि अजून स्वतःच्या चाकांवर येते. त्या गाडीचे सुटे भाग कुठल्या दुकानात मिळणार? अशा गाड्या टिकतात त्या नमुना हातात घेऊन तसाच भाग लेथवर कातणाऱ्या आणि साचा करून ओतणाऱ्या हातांवर. हे हात उद्यमनगरात आहेत, पण त्यांची मुलं आता संगणकावर चालणाऱ्या मशिनवर बसतात आणि रंग बघून पोलाद ओळखायला शिकायची त्यांना गरज पडत नाही. मला त्याची खरी काळजी वाटते. म्हणून सुटीत दोन-तीन पोरांना मी शेडमध्ये बोलावतो, त्यांच्या हातात बर्नर देतो आणि रिंगवर गव्हाळ रंग कधी आला ते त्यांनाच सांगायला लावतो.

तुमच्या दारात आजोबांची किंवा वडिलांची गाडी पडून असेल तर पाऊस लागण्याआधी एवढं करा. प्लास्टिकची ताडपत्री काढा, तिच्याखाली ओल कोंडते. सुती कापड घाला. गाडी घोड्यांवर उचलून ठेवा, दारांखालची पाण्याची भोकं तारेने मोकळी करा. टाकी रिकामी करा. पूर येणाऱ्या गावात राहत असाल तर टायरमध्ये हवा भरलेली आणि ब्रेक सुटे ठेवा, म्हणजे पाणी चढायच्या आधी चार माणसांना ती ढकलून उंचावर नेता येईल. आणि बुडालीच, तर चावीला हात लावू नका.